यादीत दोनदा एकच नाव

पावाच्या पिशवीतून वाझा हेडफोन घेऊन आला,
पिशवीच्या तळाशी अजून चुरा होता.
"एक तर हे बहिरे आहेत," म्हणाला,
"नाहीतर मी. कोण ते तू सांग, नेस्तान."

ओझुर्गेतीच्या बाजारासमोर माझं दुकान,
शेजारी हेझलनटची पोती.
लोक फुटलेल्या काचा आणतात, फुगलेल्या बॅटऱ्या,
कुणी नुसतंच चार्जिंग लावून गप्पा मारत बसतं.
ऐकू न येणं पिशवीत घालून आणणारा हा पहिला.

संध्याकाळी त्याच्या घरी गेले.
कुंपणाला लागून चहाचा मळा. आता कुणी खुडत नाही,
झुडपं डोक्यावर गेलीत.
कॉम्प्युटर विणलेल्या रुमालाखाली झाकलेला,
लेकीनं बारीहून पाठवलेल्या पैशांचा.
तिथे ती एका परक्या म्हातारीला भरवते, न्हाऊ घालते,
म्हातारीचा डोळा लागला की मग
बापाशी बोलते.

आधी जुनी सोयरीक मोडावी लागली.
हेडफोन शेजारच्या पोराच्या टॅबलेटशी जुळलेले,
सुरू केले की तिकडेच धाव घ्यायचे,
आणि सत्तरीच्या वाझाच्या कानात
कार्टूनमधला ससा गाजरासाठी किंचाळायचा.
आठवडाभर त्यानं हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी नाव पुसलं, बटण दाबून धरलं.
निळा दिवा बराच वेळ लुकलुकला,
मग एकदम शांत.
"जमलं?"
"जमलं."
"मग लाव."

तीन भाऊ. कुणाच्या तरी लग्नात
दोन माइक ठेवून भरलेली कॅसेट.
वर गोचाचा आवाज, उड्या मारत जाणारा,
मधे नोदार,
आणि खाली, जमिनीसारखा, हा.
दोघे आता नाहीत.

मी हेडफोन कानाला लावून पाहिले.
तिघंही पत्र्याच्या नळीत कोंबलेले,
खालचा सूर तर गायबच,
जणू गाणं कुणी फोनवरून वाचून दाखवतंय.

यादी उघडली. यादीत दोनदा एकच नाव.
त्याला समजावलं: हे बघ, एक नुसतं ऐकतं, पण भरभरून.
दुसरं बोलतंही,
पण बोलायला तोंड उघडलं
की त्याचे कान अरुंद होतात.
"माझा मेहुणा असाच होता," वाझा म्हणाला.

पण तोंड उघडलं कुणी?
एका खिडकीमागे दुसरी खिडकी, तिच्यामागे
लेकीनं बोलण्यासाठी काढून दिलेली खोली,
माइक चालू, समोरची चौकट काळी.
सोमवारपासून हा माणूस
तिथे एकटाच हजर होता.

बंद करायला गेले तर मनगट धरलं.
"राहू दे ते."
"अरे, तिनं फोन केला की वाजेल."
"आणि नाही वाजला तर?"
"मग गाणं असंच ऐकावं लागेल."
"ऐकीन," म्हणाला. "पत्र्यातून तर पत्र्यातून.
ते दोघं काही रागावायचे नाहीत."

मी परत दुकानात गेले, अंधारातून, कुत्री भुंकत असताना.
ड्रॉवरच्या तळाशी वायरचा एक माइक होता,
पंधरा लारीचा, कुणी न घेतलेला.
तो जोडला. कॉम्प्युटरला बजावलं:
याचं बोलणं यातून घे,
आणि हेडफोनकडून फक्त ऐकायचं काम.
दुसरं नाव यादीतून काढून टाकलं.
खोली उघडीच.

पुन्हा लावलं.
वाझा काही बोलला नाही. ओठ जरासे हलले,
मग मान एका बाजूला कलली,
मग दुसऱ्या.
कपाळाला आठी.

माझ्या पोटात गोळा. "आता काय झालं?"

त्यानं हेडफोन काढले, उलटे फिरवले,
पुन्हा कानांवर नीट बसवले.
"गोचा," म्हणाला, जरा मोठ्यानंच,
कान झाकलेली माणसं बोलतात तसं,
"गोचा माझ्या डावीकडे उभा राहायचा."